सेलमचा शाप आणि आमची माई



बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. यंदा गणपतीपासून काकांनी माझा फोन उचलणं बंद केलंय, तेव्हा म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढू. सुरुवात मात्र एका पुस्तकापासून करावी लागेल, कारण प्रकरण सुरू झालं ते तिथूनच. थोडं लांबलंय, चहा घेऊन बसा.

माझी लेक सातवीत आहे. गेल्या सप्टेंबरात तिने लायब्ररीतून एक पुस्तक आणलं, 'हाऊ टू हँग अ विच'. नाव वाचूनच बायको म्हणाली, "हे काय वाचतेय ही? तू बघ जरा." आमच्या घरात असल्या गोष्टी 'बघण्याचं' खातं माझ्याकडे आहे. म्हणून लेक झोपल्यावर पुस्तक उचललं, पाचदहा पानं चाळू म्हणून. दोन रात्रींत संपवलं. दुसऱ्या दिवशीच्या स्टँडअपला मी काय बोललो ते मला आठवत नाही.

पुस्तक एड्रियाना मॅदर या बाईंचं, २०१६ सालचं. टीनएजर मुलामुलींसाठी लिहिलेली कादंबरी. सॅम मॅदर नावाची पंधरा वर्षांची मुलगी, वडील कोमात, सावत्र आईबरोबर न्यूयॉर्क सोडून सेलमला आजीच्या जुन्या घरात राहायला येते. घरात एक भूत आहे (देखणं आणि तरुण, अर्थातच). शाळेत काळे कपडे घालून फिरणाऱ्या मुलामुलींचा एक गट आहे. १६९२ साली सेलममध्ये ज्यांना चेटकीण ठरवून मारलं त्यांचे हे वंशज. आणि सॅम कोणाची वंशज? तर कॉटन मॅदरची, म्हणजे ज्या धर्मगुरूने त्या खटल्यांची पाठराखण केली त्याची. ती गावात आल्यापासून माणसं मरायला लागतात, आणि गाव तिच्याकडे बोट दाखवायला लागतं. तिच्या घराण्यामागे शाप आहे. पुढचं सांगत नाही, तुमच्यापैकी कोणाची मुलं वाचत असतील.

माझं मत विचाराल तर भुताबरोबरचं प्रेमप्रकरण मी भराभर उलटलं, आणि खलपात्र मला निम्म्यातच कळलं होतं. पण एक गोष्ट आवडली. अशा पुस्तकांत नायिका नेहमी अन्याय झालेल्या बाजूची असते. इथे ती अन्याय करणाऱ्यांच्या घरातली आहे. लेखिका स्वतःच कॉटन मॅदरच्या वंशातली आहे, त्यामुळे हे तिला बाहेरून सुचलेलं नसावं.

मग ऑक्टोबरात लेकीने हट्ट धरला, सेलमला जायचंच. आम्ही बॉस्टनच्या उत्तरेला राहतो, ट्रेनने सोपं पडतं. ऑक्टोबरात सेलमला जे गेलेत त्यांना माहीतच आहे तिथे काय असतं. आषाढीला पंढरपूर, फक्त सगळ्यांच्या डोक्यावर टोकदार काळ्या टोप्या. पोलिसांच्या गाडीवरसुद्धा झाडूवर बसलेली चेटकीण! ज्या गावाने एकोणीस माणसं फासावर दिली त्या गावाचं पोट आज त्याच गोष्टीवर चालतंय. मला आधी थोडा रागच आला. मग वाटलं, तीनशे तीस वर्षं म्हणजे बराच काळ झाला.

ज्यांना इतिहास आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १६९२ च्या सुरुवातीला सेलम व्हिलेजमधल्या काही मुलींना झटके यायला लागले. डॉक्टरला कारण सापडेना, तेव्हा चेटूक ठरलं. मुली नावं घेत गेल्या. वर्षभरात दीडशेच्या वर माणसांवर आरोप झाले. चौदा बायका आणि पाच पुरुष फासावर गेले, जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं, आणि निदान पाच जण तुरुंगात मेले. पुरावा काय? तर 'हिची छाया रात्री माझ्या छातीवर येऊन बसली' असं फिर्यादीने सांगायचं. ती छाया बाकी कोणाला दिसत नाही, फक्त फिर्यादीला दिसते. आमच्या धंद्यात असा बग फक्त तक्रार करणाऱ्याच्याच मशीनवर दिसला तर आपण तिकीट बंद करतो. तिथे माणसं मारली. आणि गंमत अशी की, ज्यांनी 'हो, मी चेटकीण' असं कबूल केलं त्या बहुतेक वाचल्या. 'मी नाही' म्हणणाऱ्या गेल्या.

तिथे एक स्मारक आहे, १९९२ साली केलेलं. जुन्या दफनभूमीला लागून एक छोटं आवार, दगडी भिंत, भिंतीतून बाहेर आलेली वीस दगडी बाकं. प्रत्येकावर एक नाव, कसं मारलं ते, आणि तारीख. आत शिरताना पायाखालच्या दगडांवर त्या लोकांनी कोर्टात मी निर्दोष आहे म्हणून जे सांगितलं ते कोरलंय, आणि ती वाक्यं भिंतीखाली अर्धवट तुटतात. भिंतीपलीकडच्या दफनभूमीतच त्या खटल्यातल्या जॉन हॅथॉर्न या न्यायाधीशाची कबर आहे. मध्ये फक्त ती भिंत. (नथॅनिएल हॉथॉर्न याच हॅथॉर्नचा खापरपणतू. आडनावात एक अक्षर वाढवलं म्हणतात. कारण काही असो, मला तो समजतो.)

लेक सारा गुडच्या बाकाशी बराच वेळ उभी होती. सारा गुड म्हणजे भीक मागून जगणारी बाई, सगळ्यात आधी पकडलेल्या तिघींपैकी एक. तिची चारपाच वर्षांची मुलगीही आरोपी होती. तिला बेड्या घालून महिनोन्महिने तुरुंगात ठेवलं होतं. फाशी देताना निकोलस नॉइस नावाच्या पाद्रीने साराला कबूल कर म्हणून सुनावलं, तेव्हा तिने त्याला, देव तुला रक्त प्यायला लावेल अशा अर्थाचा शाप दिला. पुढे पंचवीस वर्षांनी तो तोंडातून रक्त येऊन मेला, असं गाव सांगतं. जाइल्स कोरीनेही मरताना गावाला आणि शेरीफला शाप दिला म्हणतात. तो शेरीफ चार वर्षांनी, तिशीतच मेला. मग गाव प्रत्येक शेरीफच्या छातीत कळ आली की हिशेब ठेवायला लागलं.

हे सगळं मी लेकीला रंगवून सांगत होतो. आवेशात आलो की माझा हरिदास होतो. आणि तिने मध्येच विचारलं, "बाबा, आपल्या फॅमिलीत कर्स आहे का?"

मी म्हटलं, "आहे की!" हसत म्हटलं. आणि लगेच वाटलं, नको होतं म्हणायला.

"कोणी दिला? आपण कुठल्या साइडचे? मॅदर की विच?"

ट्रेनची वेळ झाली होती, म्हणून सुटलो.

तर आमच्या घरचा शाप. आमचं मूळ घर गुहागर तालुक्यात. आजोबा थोरले, त्यांना एक धाकटे भाऊ. धाकट्यांची बायको ती माई. १९५८ साली धाकटे आजोबा फुरसं चावून गेले. कोकणातल्या लोकांना फुरसं सांगायला नको. माई तेव्हा बावीसतेवीसची, कडेवर दोन वर्षांची मुलगी. त्यानंतर आठनऊ महिन्यांत आजोबांचा थोरला मुलगा, म्हणजे माझ्या बाबांचा मोठा भाऊ, सहा वर्षांचा, तापाने गेला. चार दिवसांत. घरात आक्रोश. कोणीतरी घाड्याकडे जाऊन आलं. घाड्याने सांगितलं, बाहेरचं काही नाही, घरातलीच बाई आहे. आता घरात बाई होत्या दोनच, आजी आणि माई. त्यात नवरा गेलेली एकच. पांढऱ्या पायाची ती होतीच, आता करणी करणारीही झाली. १९५९ च्या मृगात तिला मुलीसकट माहेरी पाठवून दिलं. 'पाठवून दिलं' हा आमच्या घरातला शब्द आहे. मी पण आत्ता तोच लिहून गेलो. हाकलून दिलं.

आणि जाताना उंबऱ्यावर उभं राहून माईने शाप दिला, 'तुमच्या घरात थोरला नांदायचा नाही.' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. आमच्याकडे गौरीला घावन-घाटलं करतात हे जसं मला माहीत आहे, तसंच हेही.

मी थोरला आहे. बाबा, भाऊ गेल्यावर थोरले झालेले, २०१९ साली चौसष्टाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. काकांचा थोरला, माझा चुलतभाऊ, २०११ साली चोविसाव्या वर्षी मुंबई-गोवा हायवेवर मोटरसायकल घसरून गेला. झाले दोन. घरात हिशेब पक्का आहे. बाबांना वीस वर्षं डायबेटिस होता आणि ते जेवणानंतर चोरून पेढा खायचे, हे हिशेबात धरत नाहीत. आणि त्या हायवेला माणूस मारायला आमच्या माईच्या शापाची गरज नाही. मी अडतीस वर्षांचा, ठणठणीत. पण माझा डेटा पॉइंट 'अजून वेळ आहे' म्हणून बाजूला ठेवलेला. २०१० साली अमेरिकेला निघालो तेव्हा आईने गळ्यात ताईत बांधला. तांब्याची पेटी, काळा दोरा. मुंबई विमानतळावर तो वाजला, आणि तिथल्या शिपायाने काढायला लावला नाही, नुसता हात जोडून 'जा' म्हणाला. सांगायला लाज वाटते, पण तो ताईत मी बरीच वर्षं काढला नव्हता. आता टेबलाच्या खणात आहे. फेकलेला नाही.

चुलतभावाबद्दल वर मी जरा चुरचुरीत लिहिलं. आम्ही दोघं सुटीत एका ताटात जेवायचो. काकूने त्यानंतर गोड खाल्लेलं नाही. काका-काकूंना कारण हवं होतं आणि त्यांना माई मिळाली, हे मला समजतं. घाड्याकडे गेलेल्या आजोबांनाही ते तसंच मिळालं असणार. सहा वर्षांचा मुलगा चार दिवसांत गेला तर माणूस काय करेल, मला सांगता येत नाही. माझी सहा वर्षांची होती तेव्हा ताप एकशे तीनच्या वर गेला की मी गाडी काढायचो.

सेलमहून आल्यावर मी त्या खटल्यांवर जमेल तेवढं वाचत सुटलो (रिलीज पुढे ढकलला होता, वेळ होता). आणि वाचताना घर आठवत राहिलं. सारा गुडचंच घ्या. ती जन्माने भिकारी नव्हती. बाप चांगला खाऊनपिऊन सुखी खाणावळवाला होता. तो गेला, आईने दुसरं लग्न केलं, आणि मुलींचे वाटे अडकले ते अडकलेच. वाटा गेला म्हणून ही दारोदार मागत फिरायला लागली, आणि नाही मिळालं की पुटपुटायची, म्हणून चेटकीण. कॅरल कार्लसन नावाच्या इतिहासकार बाईंचं १९८७ चं पुस्तक आहे. त्यांनी न्यू इंग्लंडमधल्या आरोपी बायकांची यादी मांडून दाखवलंय की भाऊ नाही, मुलगा नाही, आणि म्हणून मालमत्ता जिच्या हातात येऊ शकते, अशा बायकांवर आरोप जास्त झाले आणि शिक्षाही जास्त झाल्या. बॉयर आणि निसेनबॉम यांनी त्याआधी १९७४ मध्ये सेलममधल्या दोन मोठ्या घराण्यांची भांडणं खटल्यांच्या मुळाशी दाखवली होती. आणि तो जाइल्स कोरी, त्याने तुरुंगात असताना आपली जमीन दोन जावयांच्या नावे करून दिली होती.

हे वाचून माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रश्न आला, माईचा वाटा कुठे गेला?

अडतीस वर्षांत कधी आला नव्हता. शाप मात्र पाठ होता.

मे महिन्यात काकांचा फोन आला. दोन विषय होते. एक, गावची जमीन घ्यायला मुंबईची पार्टी आली आहे, भाव चांगला आहे, बाबांच्या जागी आता मी, आई आणि ताई वारस, तेव्हा मी इथून कुलमुखत्यारपत्र करून पाठवायचं. दोन, त्या पैशातून आधी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घ्यायचा. "तीन दिवसांचा विधी आहे. तू थोरला आहेस, खरं तर तूच बसायला हवंस. एकदाचं ते माईचं संपवून टाकू." काका मनापासून बोलत होते. त्यांना खरंच वाटतं की मी पुढचा.

मी म्हटलं, "काका, माईच्या नावावर काही नव्हतं का?"

"तिचं काय असणार? ती गेली ना माहेरी."

धाकट्या चुलतभावाला मी गुपचूप सांगितलं, जुने फेरफार काढ. तो बिचारा दोनतीन चकरा मारून नकला घेऊन आला, फोटो पाठवले. १९६० ची नोंद, शाईचं वळणदार अक्षर. धाकट्या आजोबांचं नाव, पुढे मयत, आणि मग लिहिलंय की मयतास अन्य वारस नाही, सबब थोरल्या भावाचं नाव लावावं. खाली आजोबांची सही. तीच सही माझ्या मुंजीत त्यांनी दिलेल्या पुस्तकावर आहे, शेवटच्या अक्षराला तसाच फराटा.

अन्य वारस नाही. बायको जिवंत, मुलगी जिवंत, घाटाखाली वीस कोसांवर.

मंडळी, हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. नवरा गेला १९५८ साली. म्हणजे त्याच्या वाट्यात विधवेचा आणि मुलीचा हक्क कायद्याने तेव्हाच लागू होता, ही काही आजच्या काळाची फॅशन मागे लावत नाहीये मी. आजोबांना हे माहीत होतं का? ते गावातले शिकलेले, लोकांचे अर्ज लिहून देणारे. माहीत असणार. कोणाला चेटूक करणारी ठरवणं हा महाराष्ट्रात गुन्हा झाला तो थेट २०१३ च्या कायद्याने, डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर. ते सोडून देऊ. पण वाट्याचा कायदा होता.

मग आईला फोन केला. आई चिपळूणला असते.

"आई, माई जाताना नक्की काय म्हणाली होती?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही बोललीच नाही रे ती. तुझ्या आजीनेच मला सांगितलंय, शेवटच्या दुखण्यात. पाऊस लागला होता. ती पोरीला कडेवर घेऊन आणि बोचकं घेऊन निघाली. तुझी आजी माजघराच्या दारात उभी, की आता ही शिव्या देईल, तळतळाट करेल. तर ती पायरीवर वळली आणि म्हणाली, 'जाऊबाई, चुलीवर दूध आहे, बघा.' एवढंच. आणि गेली."

"मग ते थोरला नांदायचा नाही?"

"ते तुझी आजीच म्हणायला लागली. तुझ्या बाबांना टायफॉइड झाला होता लहानपणी, तेव्हा. म्हणाली, तिने नक्की मनात म्हटलं असणार. मग सगळेच म्हणायला लागले."

मी बराच वेळ गप्प होतो. आई म्हणाली, "हॅलो? कट झाला वाटतं."

म्हणजे बघा. जाइल्स कोरीने शेरीफला शाप दिला की नाही देव जाणे. माईने तर दिलाच नव्हता. आजीने तो स्वतःच्या घराला लावून घेतला, कारण दूध उतू जाईल म्हणून सांगून गेलेल्या बाईचं काय करायचं हे तिला कळेना. आणि पुढच्या दोन पिढ्यांनी तो सांभाळला. शाप सांभाळायला काही द्यावं लागत नाही. वाटा द्यावा लागला असता.

मला हे सेलमच्या बाबतीत आधी दिसलं आणि घरच्या बाबतीत नंतर, याची लाज वाटते. पण तसं झालं खरं. तिथे १७०६ साली अ‍ॅन पटनम या आरोप करणाऱ्या मुलीने, आता मोठी झालेली, चर्चमध्ये माफी मागितली, पण सैतानाने भुलवलं म्हणाली. सॅम्युएल सूअल नावाचा न्यायाधीश त्याआधीच, १६९७ च्या जानेवारीत, बॉस्टनच्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहिला आणि धर्मगुरूने त्याचं निवेदन वाचलं, की दोष माझ्यावर घेतो. नऊ जणांच्या न्यायमंडळातला असं करणारा तो एकटाच. काकांचा नागबळी मला अ‍ॅन पटनमच्या जातीचा वाटतो. पैसे खर्च होतील, तीन दिवस ओलेत्याने बसावं लागेल, सगळं मनापासून होईल, आणि फेरफारावरचं वाक्य तसंच राहील. सेलममध्ये १७११ साली बावीस जणांवरचे कलंक काढून वारसांना नुकसानभरपाई दिली, ५७८ पौंड १२ शिलिंग. वारसांना, हे मुद्दाम सांगतो.

एक बाई मात्र राहून गेली. एलिझाबेथ जॉन्सन, अँडोव्हरची, बावीस वर्षांची, फाशीची शिक्षा झालेली पण वाचलेली. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिच्यासाठी भांडायला कोणी वंशज नव्हता. शेवटी आमच्या शेजारच्या नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी ते प्रकरण हातात घेतलं, आमदारांना पत्रं लिहिली, आणि २०२२ साली, तीनशे तीस वर्षांनी, तिचं नाव निर्दोष झालं. ही गोष्ट मला लेकीने सांगितली, मी तिला नाही.

तिलाही मी शेवटी सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, "म्हणजे आपण मॅदर."

"हो."

"आणि कर्स फेक आहे."

"हो."

"मग तिच्या मुलीला फोन का नाही करत?"

आईकडे नंबर होता! माईची मुलगी बाबांच्या तेराव्याला आली होती म्हणे, मागे बसली होती, जेवून गेली. मला कोणी ओळख करून दिली नाही. मी त्या दिवशी लॅपटॉप उघडून प्रॉडक्शनचा घोळ निस्तरत होतो, हेही खरं.

काकांना मी जून महिन्यात सांगितलं, आत्याचं नाव लागल्याशिवाय मी मुखत्यारपत्र पाठवणार नाही, आणि नागबळीला पैसे देणार नाही. ते आधी हसले. मग म्हणाले, "अमेरिकेत बसून तुला आमचे वाटे पाडायचेत?" त्यात तथ्य आहे. मला त्या पैशाची गरज नाही, त्यांना आहे. गणपतीत व्हिडिओवर आरती दाखवली, ती शेवटची. काकू मागून म्हणाली ते मला ऐकू आलं, "तो थोरला आहे हो, त्याला असं तोडू नका." म्हणजे तिला अजून माझीच काळजी. मुखत्यारपत्राचा कोरा फॉर्म खणात पडून आहे, ताईताशेजारी.

आत्याला फोन करायला मला दसरा उजाडला. ती कोल्हापूरला असते, शाळेतून निवृत्त झालेली. मी कोण ते सांगितल्यावर जी शांतता झाली ती मोजली नाही. मग म्हणाली, "तुझ्या बाबांसारखा आवाज आहे." मी पाठ केलेलं बोलायला लागलो, आमच्याकडून जे झालं, आजोबांनी जे केलं, वगैरे. तिने मला पुरं बोलू दिलं. तिची आई, माई, १९९४ साली गेली. तिने शिवणकाम करून मुलीला शिकवलं. गावचं नाव घरात घेत नसे.

मी विचारलं, "आत्या, माईने आमच्याबद्दल कधी काही वाईट म्हटलं का?"

"तिला वेळ कुठे होता?" आत्या म्हणाली. आणि मग मास्तरणीच्या आवाजात, "एकूण किती गुंठे आहे?"

मला हसू आलं, आणि कसलं तरी ओझं उतरल्यासारखं झालं. मी सांगितलं. ती म्हणाली, मुलांशी बोलते, कागद पाठव.

फेरफारांचे फोटो मी त्याच रात्री पाठवले. दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.